युकातानचे माया
मेक्सिकोच्या आग्नेयेला युकातान नावाचे द्वीपकल्प आहे. तिथल्या चिचेन इत्झाच्या पिरॅमिडचे छायाचित्र आपण पाहिलेले असते आणि त्यासोबत 'माया संस्कृती लोप पावली' हेही वाचलेले असते. या प्रदेशाचा इतिहास नीट पाहिला, तर हा समज कोणाच्या सोयीचा होता ते कळते.

युकातानच्या उत्तर भागात नदी नाही. जमीन चुनखडीची, पाऊस पडतो तो थेट आत मुरतो. जिथे खडकाचे छत कोसळते तिथे खोल नैसर्गिक विहीर उघडी पडते. तिच्या माया नावावरूनच स्पॅनिशांचा 'सेनोते' हा शब्द आला. चिचेन इत्झा म्हणजे 'इत्झांच्या विहिरीचे तोंड'. उश्मालच्या बाजूला अशा विहिरी नव्हत्या, तिथे लोकांनी जमिनीत टाकी कोरून पावसाचे पाणी साठवले. दक्षिणेच्या अरण्यातली मोठी नगरे नवव्या शतकात ओस पडू लागली, तरी उत्तरेत वस्ती टिकली. चिचेननंतर मायापान उभे राहिले, पंधराव्या शतकात तेही मोडले. शेतकरी मात्र मका लावतच राहिला.

1542 मध्ये स्पॅनिशांनी एका माया नगराच्या जागी मेरिदा शहर वसवले. वीस वर्षांनी, जुलै 1562 मध्ये, दिएगो दे लांदा या ख्रिस्ती धर्मगुरूने मानी गावात देवमूर्ती आणि चित्रलिपीतल्या पोथ्या जाळल्या. सालीच्या कागदावरच्या अशा पोथ्यांपैकी आज जगात जेमतेम चार उरल्या आहेत. पुढे त्याच लांदाने लिहिलेल्या वृत्तांतात माया अक्षरांची एक तोडकीमोडकी यादी आली. 1952 मध्ये सोव्हिएत अभ्यासक युरी क्नोरोझोव यांना ही लिपी वाचण्याची वाट त्या यादीतून सापडली. मधल्या काळात माया लेखकही गप्प बसले नव्हते. रोमन अक्षरे शिकून त्यांनी भविष्ये, औषधे आणि जुन्या हकिकती आपल्या भाषेत लिहून ठेवल्या. 'चिलाम बालाम' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोथ्या त्या याच.

1821 मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, पण माया शेतकऱ्याच्या वाट्याला फारसे काही आले नाही. उसाचे मळे पसरले, गावांच्या सामाईक जमिनी गेल्या. जुलै 1847 मध्ये तेपिच गावातून बंड पेटले आणि वर्षभरात बंडखोर मेरिदाच्या जवळ पोहोचले. मागे हटावे लागल्यावर त्यांनी पूर्वेच्या जंगलात, 'बोलणाऱ्या क्रुसा'भोवती आपली सत्ता उभी केली. हा क्रूस माया भाषेत आज्ञा देई. 1901 मध्ये मेक्सिकोच्या फौजेने ते ठाणे घेतले. अर्धशतक स्वतःचा कारभार चालवणाऱ्यांना लोपलेले कसे म्हणायचे?

द्वीपकल्पाच्या उत्तर-पश्चिम भागात वेगळीच गोष्ट चालू होती. तिथे एनेकेनची लागवड वाढली. आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताचे हे भावंड. घायपातही मूळचा मेक्सिकोचाच. अमेरिकेत पेंढ्या बांधणारी कापणीयंत्रे आली आणि एनेकेनच्या वाखाला प्रचंड मागणी आली. मेरिदात मळेवाल्यांचे वाडे उठले. मळ्यावरचा माया मजूर मात्र मालकाच्या खातेवहीतल्या न फिटणाऱ्या कर्जाने बांधलेला होता. उत्तरेतल्या याकी लोकांनाही सरकारने पकडून इथे मजुरीला धाडले. उश्मालचे अवशेष अशाच एका जमीनदाराच्या मालकीच्या जागेत होते. ही नगरे इथल्याच लोकांच्या पूर्वजांनी बांधली, असे जॉन लॉइड स्टीफन्स या प्रवाशाने 1840 च्या दशकातच लिहिले होते. पण अवशेषांचे कौतुक करायचे आणि त्यांच्या वारसांना कर्जात ठेवायचे, तर ते बांधणारे लोक नाहीसे झाले असे मानणेच सोयीचे.

क्रांतीच्या काळात, 1915 मध्ये, साल्वादोर अल्वारादो यांनी ही कर्जगुलामी मोडायला घेतली. 1922 मध्ये गव्हर्नर झालेले फेलिपे कारिओ पुएर्तो सभांत माया भाषेत बोलत आणि जमिनी वाटत. जानेवारी 1924 मध्ये बंडखोर सैनिकांनी त्यांना गोळ्या घातल्या. 1937 मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी एनेकेनचे मळे मजुरांच्या सामूहिक मालकीत आणले. पण पुढे कृत्रिम धाग्यांपुढे वाखाचा बाजारच बसला.

1970 च्या दशकात सरकारने कानकुन हे पर्यटननगर उभारले आणि खेड्यांतले तरुण बांधकामावर, हॉटेलांत कामाला गेले. डिसेंबर 2023 पासून 'माया ट्रेन' धावू लागली. तिच्यासाठी जंगल तोडले गेले, भुयारी गुहांत लोखंडी खांब रोवले गेले. गाडीला नाव मायांचे आहे. तिच्या मार्गाबद्दल अनेक माया गावांनी हरकती घेतल्या होत्या.

2020 च्या जनगणनेत मेक्सिकोत युकातानी माया बोलणारे सुमारे पावणेआठ लाख होते. लोकसंख्येतले त्यांचे प्रमाण घटते आहे. आजीशी माया आणि शाळेत स्पॅनिश बोलणारे मूल पुढे आपल्या मुलांशी बहुधा स्पॅनिशच बोलते. पोथ्या जाळूनही जी भाषा गेली नाही, ती अशी घरातून जाऊ शकते. तिथे माया भाषेत कविता-कथा लिहिणारे आणि शाळेत ती शिकवणारे लोक आज आहेत. त्यांचा झगडा घरातल्या पुढच्या पिढीसाठी आहे.