शब्दांखालची शांतता

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदी चित्रपट बोलू लागला. अर्देशीर इराणी यांचे चित्रणगृह लोहमार्गालगत होते. संवाद तेथल्या तेथेच मुद्रित होत. म्हणून गाड्यांचा खडखडाट थांबेपर्यंत, रात्रीची वाट पाहावी लागे.

पुढे नटाने बंद खोलीत, पडद्यावरील स्वतःच्याच ओठांकडे पाहत संवाद पुन्हा म्हणावेत, अशी रीत पडली. गोंगाट टळला, पण माळावर उभ्या असलेल्या माणसाचा स्वर चार भिंतींतून येऊ लागला. ओठ जुळत, जागा जुळत नसे.

यावरचा उपाय मोठा मार्मिक आहे. चित्रणस्थळी कोणी बोलत नसतानाही ध्वनिमुद्रक काही क्षण यंत्र चालू ठेवतो आणि तेथील वाऱ्याची, पाखरांची चाहूल टिपून घेतो. ध्वनिग्राहकाचे अंतर आणि आवाजाचा घुमारा सारखा राखून ही शांतता संवादांखाली अंथरली, की सांधा कानाला जाणवत नाही.

२००१ मध्ये ‘लगान’ने कच्छच्या भूमीवर पुन्हा जागच्या जागी संवाद टिपले. ज्या शांततेसाठी पूर्वसूरींनी रात्री जागविल्या, ती रिकामी कधीच नव्हती.