जिवंत मेंदूतलं किटण

आउगुस्टे डेटर १९०१ साली फ्रँकफर्टच्या इस्पितळात आली तेव्हा ५१ वर्षांची होती. तिला तपासणाऱ्या अलॉइस आल्झायमर यांना तिच्या मेंदूत साठलेलं किटण दिसलं ते १९०६ साली, ती गेल्यावर. पुढची जवळजवळ शंभर वर्षं हीच तऱ्हा. खात्री हवी तर मेंदू कापून बघायचा, म्हणजे बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच!

१९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन आणि मंडळींनी अधल्यामधल्या लोकांसाठी निकष मांडले. स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी, पण रोजचे व्यवहार ठीक. याला म्हणतात माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, थोडक्यात एमसीआय. यातल्या काहींना पुढे आल्झायमर होतो, काही तसेच राहतात, काही चक्क सुधारतात. मग कोण कुठल्या वाटेने जाणार, हे ओळखायचं कसं?

पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. मृत मेंदूच्या कापांवर हे किटण दिसावं म्हणून थायोफ्लेविन नावाचा रंग वापरत. त्याच रंगाचा रेणू त्यांनी असा बदलला की शिरेतून दिला तरी मेंदूत पोचावा, आणि त्याला किरणोत्सारी कार्बन जोडला. हा कार्बन दर २० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे तो बनवणारा सायक्लोट्रॉन शेजारीच हवा. माणसावरचा पहिला स्कॅन २००२ साली झाला, तोही स्वीडनमध्ये, उप्सालाला. २००४ च्या शोधनिबंधात १६ रुग्ण होते आणि ९ निरोगी माणसं. बहुतेक रुग्णांच्या मेंदूचा कपाळामागचा भाग उजळला होता.

नंतर एमसीआयवाल्यांचे स्कॅन झाले. बऱ्याच जणांचे उजळले, बाकीच्यांचे नाहीत, आणि उजळलेल्यांपैकी जास्त जण पुढे आल्झायमरकडे गेले. पण ठणठणीत म्हाताऱ्यांपैकीही काहींचे मेंदू उजळतात. तेव्हा किटण दिसलं म्हणजे भविष्य कळलं, असं नाही.

आईचा स्कॅन करावा का, यावर आमच्याकडे सध्या दोन तट आहेत (मावशी, तू वाचतेस हे माहीत आहे!). २०२३ साली अमेरिकेत लेकॅनेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. ते सुरुवातीच्या टप्प्यात देतात, आणि आधी किटण असल्याची खात्री करावी लागते. त्याने ऱ्हास थांबत नाही, थोडा मंदावतो. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्रावाचा धोका असतो तो वेगळाच. आई आम्हाला विचारते, "उजळलं तर तुम्ही काय करणार?" मला वाटतं निर्णय तिचाच असावा. तिने अजून हो म्हटलेलं नाही.