तरणतलाव, अंगणातील (वर्सोवा)

घराच्या आवारात जमीन खणून बांधलेला खासगी पोहण्याचा तलाव. त्याला जोडून अनेकदा गरम पाण्याचे कुंड (स्पा) असते. अंधेरी पश्चिमेला समुद्र आणि खाडी यांच्या कुशीत वसलेल्या वर्सोव्यात सात बंगला, चार बंगला ही नावे जुन्या बंगल्यांची आठवण देतात. आता इमारतींच्या दाटीत अंगण उरलेली घरे थोडीच.

किनाऱ्यालगतच्या वाळूत भूजल उथळ असते, भरती-ओहोटीबरोबर हलते. त्यामुळे खोदकाम चालू असताना पंपाने पाणी सतत उपसावे लागते. मात्र खरा धोका तलाव रिकामा करताना असतो. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४५,००० लिटर, म्हणजे ४५ टन पाणी मावते. हा भार निघाला की भूजलाचा दाब रिकामे काँक्रीटचे कवच होडीसारखे वर उचलू शकतो. म्हणून तळ जाड ठेवतात, त्यात दाबमुक्तीची झडप बसवतात आणि पावसाळ्यात तलाव रिकामा करणे कटाक्षाने टाळतात. खारे पाणी काँक्रीटमधील सळ्या गंजवते. जलरोधनात केलेली काटकसर पुढे फार महाग पडते.

पाण्याचा सामू ७.२ ते ७.८ राखतात. स्पाचे तापमान ४० अंश सेल्सिअसपुढे नेऊ नये. किनाऱ्यालगतच्या बांधकामावर १९९१ पासून किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेड) निर्बंध लागू आहेत. महापालिकेची परवानगीही लागते.