वऱ्हाडचे युवराज

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे थोरले पुत्र मीर हिमायत अली खान ऊर्फ आझम जाह (१९०७–७०) यांना १९३६ मध्ये मिळालेली पदवी. इंग्रजीतील रूप ‘हिज हायनेस द प्रिन्स ऑफ बेरार’. अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे वऱ्हाडचे चार जिल्हे. यवतमाळ–वर्धा रस्त्यावरचे कळंब गाव यवतमाळ जिल्ह्यातलेच. जमीन, महसूल, न्यायदान यांपैकी कशाचाही अधिकार पदवीसोबत आला नाही. जगाला हे युवराज ठाऊक झाले ते लग्न, दागिने, कर्ज आणि वारसा यांच्या बातम्यांतून, आणि प्रस्तुत नोंदही बरीचशी त्या बातम्यांविषयीच आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगाशी या नोंदीचा संबंध नाही. तिथले वऱ्हाड लग्नाचे.

पूर्वपीठिका. ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे दिली आहेत त्यांत कळंबचे नाव आहे. एका काळी महसुली ठाणे असलेले हे गाव पुढे चिंतामणीच्या देवळापुरते ओळखले जाऊ लागले. फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी इंग्रजांनी १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड आपल्या कारभारात घेतले. कापसाचा हा मुलूख (‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण त्यावरूनच) परत मिळावा म्हणून हैदराबादने पन्नास वर्षे अर्ज केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो सालीना २५ लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेऊन टाकला. मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची. १९०५ मध्ये जुन्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. उस्मान अली खान यांनी १९२३ मध्ये पुन्हा मागणी केली. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने ती फेटाळली आणि सार्वभौम सत्तेशी बरोबरीने बोलता येणार नाही, असे स्पष्ट सुनावले. घटनेच्या अभ्यासकांना हे पत्र पाठ असते. वाचकांचे लक्ष मात्र युवराजांच्या सासुरवाडीकडे असते.

विवाह. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस येथे आझम जाह यांचा विवाह दुर्रुशेहवार (१९१४–२००६) यांच्याशी झाला. वधूचे वडील अब्दुल मजीद दुसरे हे उस्मानी घराण्यातील अखेरचे खलिफा. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त करून त्यांना देशाबाहेर घालवले होते आणि निजामाने लावून दिलेल्या दरमहा ३०० पौंडांच्या तनख्यावर त्यांचे घर चालत होते. सोयरीक जुळवण्यात मौलाना शौकत अली यांचा पुढाकार होता. त्याच दिवशी धाकटे बंधू मुअज्जम जाह यांचे लग्न खलिफांच्या नात्यातील निलोफर (१९१६–८९) यांच्याशी लागले. मेहेरची रक्कम जास्त वाटल्याने निजामाने घासाघीस केली आणि एका सुनेच्या रकमेत दोन सुना आणल्या, ही गोष्ट तेव्हापासून फिरते आहे. ती सांगणारे बहुतेक सगळे निजामाच्या कंजूषपणाचे किस्से जमवणारे आहेत, हे ध्यानात ठेवलेले बरे.

डिसेंबरात दोन्ही जोडपी व्हेनिसहून ‘पिल्सना’ बोटीने निघाली. दुसऱ्या गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी ब्रिंडिसीला याच बोटीवर चढले. २८ डिसेंबरला बोट मुंबईच्या धक्क्याला लागली तेव्हा गर्दी लोटली ती गांधीजींसाठी. पुढच्या आठवड्यात, ४ जानेवारी १९३२ रोजी, त्यांना अटक झाली. खलिफांच्या घराण्यातल्या या दोघी त्या गदारोळात हैदराबादला पोहोचल्या. छायाचित्रकार सेसिल बीटन याने पुढे दोघी जावांची छायाचित्रे काढली. या विवाहांवरचे कोणतेही लिखाण घ्या, सोबत ही छायाचित्रे असतातच. दुर्रुशेहवार सासऱ्यांपेक्षा चांगल्याच उंच होत्या आणि निजाम ते पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत, असे सांगतात.

करार आणि राजत्याग. २४ ऑक्टोबर १९३६ रोजी वऱ्हाडबाबत नवा करार झाला. निजामाचे स्वामित्व मान्य करण्यात आले. कारभार मात्र मध्य प्रांताला जोडूनच ठेवला. निजाम यापुढे ‘हैदराबाद व वऱ्हाडचे’ झाले, थोरल्या मुलाला वऱ्हाडच्या युवराजाची पदवी मिळाली, वऱ्हाडात युनियन जॅकशेजारी निजामाचे निशाण लावण्याचा हक्क आला आणि प्रांताच्या गव्हर्नरच्या नेमणुकीपूर्वी निजामाचे मत विचारण्याचे ठरले. पदवीचा घाट ‘प्रिन्स ऑफ वेल्स’वरून घेतला, असे बहुतेक लेखक मानतात.

हा करार ज्या सम्राटाच्या नावाने झाला तो आठवा एडवर्ड. तीनच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, इंग्लंडमधील इप्सविच येथे वॉलिस सिम्प्सन यांना घटस्फोटाचा प्राथमिक हुकूम मिळाला. राजा आणि ही दोनदा संसार मोडलेली अमेरिकन बाई यांच्याविषयी अमेरिकेतली पत्रे कित्येक महिने रकाने भरत होती. ब्रिटिश पत्रे गप्प होती. कायद्याने त्यांचे तोंड बांधलेले नव्हते. राजाच्या विनंतीवरून लॉर्ड बीव्हरब्रुक यांनी इतर पत्रमालकांशी बोलून हे मौन ठरवले होते. बाहेरून येणाऱ्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या अंकांतली ती पाने लंडनचे वितरक कात्रीने कापून काढीत आणि वर्गणीदाराच्या हाती भोक पडलेला अंक पडे. १ डिसेंबरला ब्रॅडफर्डचे बिशप ब्लंट यांनी राजाच्या धर्मनिष्ठेविषयी चार शब्द काढले. बिशपांना सिम्प्सनबाईंबद्दल बोलायचेच नव्हते, असे नंतर पुढे आले; पण बांध फुटायला तेवढे पुरले. ३ डिसेंबरला सगळ्या पत्रांनी प्रकरण छापले आणि ११ डिसेंबरला एडवर्डचे राज्य संपले. म्हणजे वऱ्हाडच्या कराराला दोन महिने व्हायच्या आत सम्राट बदलला होता. ‘टाइम’ने १९३६ सालची प्रमुख व्यक्ती म्हणून वॉलिस सिम्प्सन यांची निवड केली आणि जानेवारी १९३७ च्या पहिल्या अंकावर त्यांना झळकवले. २२ फेब्रुवारीच्या मुखपृष्ठावर जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून निजाम आले. कराराच्या कलमांना असे मुखपृष्ठ मिळाले नाही, हे वेगळे सांगायला नको.

कायदा व मराठी पत्रे. लंडनमधले मौन आपसांतले होते. हिंदुस्थानात संस्थानिकांसाठी त्याची कायद्याने सोय केलेली होती. १९१० चा मुद्रण कायदा १९२२ मध्ये रद्द झाला तेव्हा संस्थानिक अस्वस्थ झाले. ब्रिटिश मुलखातली पत्रे आपल्याविरुद्ध अप्रीती पसरवतील, ही त्यांची तक्रार. त्यांच्या संरक्षणाचे विधेयक मांडू द्यायलाही मध्यवर्ती विधिमंडळाने नकार दिला. रीडिंगने खास अधिकार वापरून ते त्याच वर्षी कायद्यात आणले. १९३४ च्या आणखी एका कायद्याने हे कुंपण उंच केले. यवतमाळ ब्रिटिश कारभारात होते म्हणून निजामाच्या घराविषयी तिथे मोकळेपणाने छापता येई, असा समज करून घेऊ नये.

मराठी संपादकांना या विषयाची किंमत आधीपासून ठाऊक होती. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांचा दिवाण बर्वे छळ करतात, असा मजकूर ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी छापला. आधाराची पत्रे खोटी ठरली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून आले. वाड्याच्या आतली हकिकत बाहेर यायची तर ती न्यायालयाच्या दारातून आलेली बरी, कारण खटल्याचा वृत्तान्त छापणे सोपे असते. १२ जानेवारी १९२५ रोजी मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगम यांचे नाव घराघरांत पोहोचले आणि वर्षभराने इंदूरचे तुकोजीराव होळकर यांनी गादी सोडली. त्यांनी १९२८ मध्ये अमेरिकन नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केले तेव्हा त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. आझम जाह यांचे नाव अशा गाजलेल्या फौजदारी खटल्यात दिसत नाही. मराठी पत्रांत होळकरांच्या मानाने ते विरळ दिसतात याचे हे एक कारण असावे.

दुसरे कारण घरचे. बापूजी अणे यांनी यवतमाळला ‘लोकमत’ साप्ताहिक काढले. हेच नाव पुढे जवाहरलाल दर्डा यांनी पुन्हा चालवले. १० जुलै १९३० रोजी अणे यांच्याच नेतृत्वाखाली पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह झाला. ज्या जिल्ह्यात चार पेंढ्या गवतासाठी माणसे तुरुंगात गेली, तिथे सहा वर्षांनी आलेल्या युवराजाचे अप्रूप किती वाटले असेल, याचा अंदाज करता येतो. १९३६ च्या कराराने गवताचा हक्क बदलला नाही.

कंठहार. २० नोव्हेंबर १९४७ रोजी राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले. कार्टिए पेढीतून नववधूने स्वतः पसंत करावे, असे सांगून निजामाने हिऱ्यांचा कंठहार व शिरोभूषण भेट दिले. नऊच दिवसांनी, २९ नोव्हेंबरला, हैदराबादने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. एलिझाबेथ राणी झाल्यावर १९५२ मध्ये डोरोथी वाइल्डिंग यांनी काढलेल्या अधिकृत छायाचित्रांत हा हार गळ्यात आहे. शिरोभूषण १९७३ मध्ये मोडून त्यातले हिरे माणकांच्या नव्या मुकुटात घातले. गुलाबाच्या आकाराचे तुकडे कपड्यावर लावायच्या पिना म्हणून उरले. फेब्रुवारी २०१४ मध्ये केट मिडलटन हा हार घालून लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीतील समारंभाला आल्या आणि ‘निजामाचा हार’ पुन्हा बातम्यांत आला. राजघराण्याच्या पोशाख-दागिन्यांवर लिहिणारा एक वेगळाच वार्ताहरवर्ग आहे. कोणता दागिना कोणी, कधी, कितव्यांदा घातला याची त्यांची टिपणे एखाद्या तलाठ्याच्या दप्तराइतकी नेटकी असतात. त्यांच्या लेखी निजाम म्हणजे एक देणगीदार.

गादी व ठेव. आझम जाह हैदराबादच्या फौजेचे सरसेनापती होते. त्यांच्या उधळपट्टीविषयी व कर्जांविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यात अतिशयोक्ती किती, यावर एकमत नाही. संसार टिकला नाही. दुर्रुशेहवार यांचे पुढचे वास्तव्य मुख्यतः लंडनला झाले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी निजाम वारले तेव्हा मुलाला वगळून नातू मुकर्रम जाह वारस ठरले. हे मुकर्रम जाह पुढे ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या विस्तीर्ण कुरणावर राहायला गेले आणि हैदराबादचा आठवा निजाम चिखलाच्या बुटांत, ही वृत्तपत्रांची कायमची ओळ झाली.

हैदराबादवरील भारताच्या पोलीस कारवाईच्या सुमारास, सप्टेंबर १९४८ मध्ये, निजामाचे १० लाख ७ हजार ९४० पौंड लंडनमधील पाकिस्तानी उच्चायुक्तांच्या खात्यावर गेले. काही दिवसांतच निजामाने ते परत मागितले. बँकेने कोणालाच दिले नाहीत. त्यावर ७१ वर्षे व्याज चढत राहिले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने भारत सरकार व निजामाचे दोन नातू यांच्या बाजूने निकाल दिला तेव्हा रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. मुकर्रम व मुफ्फखम हे दोन्ही दावेदार वऱ्हाडच्या युवराजांचे पुत्र, हे ध्यानात घेण्यासारखे. मुकर्रम जाह जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला वारले. दफन हैदराबादच्या मक्का मशिदीत.

पदवीचा शेवट. आझम जाह ऑक्टोबर १९७० मध्ये वारले. १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे बंद केले.

अन्य. ब्रिटिश राजघराण्याच्या मराठी बातम्यांतला नंतरचा ठळक प्रसंग मुंबईच्या डबेवाल्यांचा: २००३ मध्ये प्रिन्स चार्ल्स त्यांना चर्चगेटला भेटले आणि एप्रिल २००५ मध्ये त्यांच्या लग्नाला रघुनाथ मेदगे व सोपान मरे लंडनला गेले. पाहा : डबेवाले, बावला खून खटला.