मुकादम : ऊसतोड मजूर व कारखाना यांमधील मध्यस्थ

'मुकादम' हा शब्द मूळ अरबी असून 'पुढे ठेवलेला' असा त्याचा अर्थ आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत गावच्या पाटलास मोकदम म्हणत; सरकार व रयत यांच्यामध्ये उभे राहून सारा भरण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, परतूर व मंठा तालुक्यांतील गावांत आणि तांड्यांवर आज हा शब्द उच्चारला की ऊसतोडीच्या टोळीचा मुकादमच डोळ्यांसमोर येतो.

साखर कारखाना सहसा मजुरास थेट कामावर ठेवत नाही. तो वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमास रक्कम देतो आणि मुकादम ती हंगामाआधीच घरोघरी 'उचल' म्हणून वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात जातात व मार्च-एप्रिलमध्ये परततात. दर टनामागील मजुरीतून उचल फेडली जाते. मजुरीच्या रकमेवर मिळणारे कमिशन ही मुकादमाची मिळकत होय.

बँक ज्यास दारात उभे करीत नाही, त्यास लग्नकार्यासाठी किंवा दवाखान्यासाठी मुकादम शब्दावर पैसे देतो. तो बहुधा त्याच गावचा, पुष्कळदा स्वतः ऊस तोडलेला असतो. खरी अडचण हंगामाअखेरीस उभी राहते. आजारपण वा बाळंतपण यांमुळे काम बुडाले की 'खाडा' धरून पैसे कापले जातात, उचल फिटत नाही आणि बाकी पुढील वर्षावर जाते. मग पुढल्या हंगामात दुसरीकडे काम शोधण्याची मोकळीक त्या कुटुंबास राहत नाही. कर्जापोटी असे श्रम करवून घेणे १९७६ च्या वेठबिगार पद्धती उच्चाटनाच्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. परंतु व्यवहार बहुतांशी तोंडी असल्याने मजुराजवळ पुरावा नसतो.

मुकादमही निर्धास्त नसतो. उचल घेतलेला मजूर आला नाही, तर वाहतूकदार त्याच्याकडून वसुली करतो. उलट, रक्कम घेऊन मुकादमच पसार झाल्याच्या तक्रारीही पोलिसांत दाखल होतात. सारा दोष एकट्या त्याच्या माथी मारणे आम्हांस उतावीळपणाचे वाटते.

वरच्या पातळीवरही मध्यस्थ आहेतच. मजुरीचा दर मजूर संघटना व साखर संघ यांच्या बैठकीत ठरतो. तेथे मजुरांची बाजू पूर्वी गोपीनाथ मुंडे मांडत. २०१४ मध्ये त्यांच्या निधनानंतर ती भूमिका पंकजा मुंडे यांच्याकडे आली. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार यांच्या उपस्थितीत ३४ टक्के दरवाढ मान्य झाली. त्या वाढीचा हिशेबही मजुरापर्यंत पोहोचतो तो मुकादमाच्या वहीतून.