तळेगावचे सेनापती

लोणावळ्याहून पुण्याच्या लोकलमध्ये बसलात की मळवलीला उजव्या हाताला लोहगड दिसतो आणि पुढे थोड्याच वेळात तळेगाव येते. गावाचे पूर्ण नाव तळेगाव दाभाडे. ज्यांच्यामुळे हे नाव पडले, त्यांना आपल्याकडे इतिहासाच्या तासाला जेमतेम एक ओळ मिळते : ‘बाजीरावाने दाभाड्यांचे बंड मोडले.’ जन्मभर मावळातल्या मुलांना इतिहास शिकवला. वर्गात दोन-तीन दाभाडे हमखास असायचे. ही ओळ आली की ती पोरे मान खाली घालत. मला ते कधीच पटले नाही.

खंडेराव दाभाड्यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापती केले. बाळाजी विश्वनाथाबरोबर ते दिल्लीलाही जाऊन आले. पण त्यांचे खरे काम गुजरातेत. तिथे चौथाई बसवली ती त्यांच्या आणि त्यांच्या हाताखालच्या पिलाजी गायकवाडांच्या घोडदळाने. १७२९ साली खंडेराव वारले आणि सेनापतिपद मुलाकडे, त्र्यंबकरावांकडे आले.

इथे गंमत पाहा. पुढच्याच वर्षी चिमाजी अप्पांनी गुजरातचा मोगल सुभेदार सरबुलंदखान याच्याशी करार करून चौथाईचा हक्क लिहून घेतला. म्हणजे मुलूख दाभाड्यांनी मारायचा आणि कागद पेशव्यांच्या नावाचा! अष्टप्रधानांत सेनापती काही पेशव्याचा चाकर नव्हे, दोघेही छत्रपतींचे. मग त्र्यंबकरावांनी चिडू नये तर काय करावे?

इथवर मी त्यांच्या बाजूचा. पण मग हा शिपाईगडी राजकारणात उतरला आणि हात मिळवला तो थेट निजामाशी. पालखेडला १७२८ साली बाजीरावाने ज्याला नमवले होते, तोच हा निजाम. त्याला गुजरातशी काय देणेघेणे? त्याला मराठ्यांत फूट हवी होती. त्र्यंबकराव साताऱ्यास जाऊन महाराजांपुढे भांडले असते, तर त्यांची बाजू लंगडी नव्हती. निजामाचे नाव आल्यावर ती लंगडी झाली, आणि बाजीरावाला आयते कारण मिळाले.

१ एप्रिल १७३१. डभईजवळ दोन्ही मराठी फौजा भिडल्या. त्र्यंबकरावांनी आपल्या हत्तीचे पाय साखळदंडाने बांधून घेतले होते, असे ग्रँट डफ लिहितो. पळायचेच नाही, म्हणून. गोळी लागून ते तिथेच पडले.

महाराजांनी मग दोघांच्या हद्दी ठरवून दिल्या : माळवा पेशव्यांचा, गुजरात सेनापतींचा, आणि गुजरातचे निम्मे उत्पन्न सरकारात. धाकट्या यशवंतरावांना सेनापती केले, पण कारभार पाहिला तो आई उमाबाईंनी. (सप्तशृंगीच्या गडावर जुन्या पायऱ्या आहेत ना, त्या याच बाईंनी बांधविल्या.) पिलाजींचा १७३२ साली डाकोरला खून झाला, तेव्हा त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या.

१७४९ साली शाहू महाराज गेले आणि जुने दुखणे वर आले. नानासाहेब पेशव्यांनी गुजरातच्या निम्म्या वाट्यासाठी तगादा लावला. नोव्हेंबर १७५० मध्ये उमाबाई त्यांना आळंदीला भेटल्या. करार जबरदस्तीने लिहून घेतलेला आहे, तो आम्हाला बांधील नाही, हे त्यांचे म्हणणे. पेशव्यांनी ऐकले नाही. मग उमाबाई ताराबाईंच्या पक्षाला मिळाल्या आणि पिलाजींचे पुत्र दमाजी साताऱ्यावर चालून आले. १७५१ साली दमाजी पकडले गेले, दाभाडे कुटुंब कैदेत पडले, सेनापतिपद आणि जहागिरी गेल्या. दमाजींना काही काळ लोहगडावर ठेवले होते.

तेच दमाजी पुढे निम्मा गुजरात आणि भरभक्कम खंडणी कबूल करून सुटले आणि त्यांच्या वंशाने बडोद्याला १९४९ पर्यंत राज्य केले. धनी राहिले तळेगावात, चाकर राजे झाले.

उमाबाई १७५३ साली पुण्यात वारल्या. तळेगावच्या बाणेश्वर मंदिरात त्यांची समाधी आहे. स्टेशनवरून रिक्षाने जाता येते.