भिंत आणि श्रोता

भिंती बांधणाऱ्यांचा इतिहास फार जुना आहे. चीनच्या सम्राटांनी उत्तरेकडील टोळ्या अडवण्यासाठी भिंत बांधली, रोमच्या हेड्रियनने ब्रिटनमध्ये बांधली, आणि आपल्या पिढ्यांच्या डोळ्यांदेखत १९६१ साली बर्लिन शहराच्या मधोमध एक भिंत उभी राहिली. या सर्व भिंती दगडाच्या, मातीच्या वा काँक्रीटच्या होत्या आणि त्या शत्रूला तरी किंवा स्वतःच्या प्रजेला तरी अडवण्यासाठी होत्या. आज ज्या भिंतीची हकीकत आपणांपुढे मांडावयाची आहे ती पुठ्ठ्याची होती. ती संध्याकाळी उभी राही आणि त्याच रात्री कोसळे. तिने कोणाला अडवावयाचे, तर तिकीट काढून गाणे ऐकावयास आलेल्या श्रोत्यांना! गायकाने आपल्याच श्रोत्यांविरुद्ध भिंत बांधावी आणि पुढे त्याच श्रोत्यांनी ती आपली मानावी, असा हा विलक्षण प्रकार आहे. ‘द वॉल’, म्हणजे ‘भिंत’, हेच त्या ध्वनिमुद्रिकेचे आणि रंगप्रयोगाचे नाव.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. संगीत नाटकाशी आपला परिचय जुना आहे. तेथे पद आधी रंगभूमीवर रंगे आणि मग तबकडीवर जाई. जुन्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांचेच गाणे मावत असल्यामुळे तबकडी ही नाटकाची आठवण असे, नाटक नव्हे. अमेरिकेत १९४८ साली दीर्घ वादनाची तबकडी निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. मग सुटीसुटी गाणी देण्याऐवजी एकाच सूत्रात ओवलेली गाणी द्यावीत, तबकडीवरच एखादी कथा सांगावी, असे संगीतकारांना वाटू लागले. ‘द हू’ या इंग्रज मंडळींची ‘टॉमी’ १९६९ साली आली. येशूच्या अखेरच्या दिवसांवरील ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ तर १९७० साली तबकडी म्हणून निघाले व १९७१ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. क्रम उलटला. आता तबकडी ही नाटकाची संहिता झाली आणि नाटक तिच्या मागून येऊ लागले. ‘द वॉल’ हे या उलट्या क्रमाचे सर्वांत भव्य उदाहरण होय.

‘पिंक फ्लॉइड’ हा वाद्यवृंद १९६५ साली लंडनमध्ये स्थापन झाला. १९७३ सालच्या त्यांच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तबकडीने त्यांना अफाट कीर्ती आणि पैसा दिला. कीर्तीबरोबर श्रोत्यांची संख्या वाढली, सभागृहे अपुरी पडू लागली आणि खेळांच्या मैदानांवर कार्यक्रम होऊ लागले. पन्नास-साठ हजारांच्या जमावात कोण ऐकतो आणि कोण केवळ ओरडतो, हे गाणाऱ्याला कळेना. वृंदातील बास गिटार वाजवणारे आणि बहुतेक गीते रचणारे रॉजर वॉटर्स यांना हे फार टोचू लागले. ६ जुलै १९७७ रोजी कॅनडातील माँट्रिऑल येथील ऑलिंपिक मैदानावर त्या दौऱ्याचा अखेरचा कार्यक्रम होता. व्यासपीठाजवळ गोंगाट करणाऱ्या एका चाहत्यावर वॉटर्स थुंकले. त्या कृत्याने ते स्वतःच हादरले. ज्याच्यासाठी गावयाचे त्याच्याच अंगावर थुंकण्यापर्यंत आपण कसे आलो, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला. आपल्यात आणि श्रोत्यांत एक भिंत आहेच; मग ती सर्वांना दिसेल अशी व्यासपीठावर खरोखरच का बांधू नये, अशी कल्पना त्यातून निघाली.

अशी कल्पना केवळ तक्रार म्हणून राहिली असती, तर तिला आज इतिहासात जागा मिळाली नसती. वॉटर्स भिंतीचा पाया शोधू लागले आणि तो त्यांना स्वतःच्या पाळण्यापाशी सापडला. त्यांचा जन्म सप्टेंबर १९४३ मधला. त्यांचे वडील एरिक फ्लेचर वॉटर्स १८ फेब्रुवारी १९४४ रोजी इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले. मूल तेव्हा पाच महिन्यांचे होते. ‘द वॉल’चा नायक पिंक हाही असाच युद्धात बाप गमावलेला मुलगा. बापाचे जाणे ही पहिली वीट. अपमान करणारा शिक्षक ही दुसरी. मायेने गुदमरवणारी आई, दुरावलेली पत्नी, मादक द्रव्ये, कीर्ती, अशी विटेवर वीट चढत जाते आणि अखेर नायक स्वतःच्या भिंतीआड पुरता कोंडला जातो. पुढे एकांताने सडलेले त्याचे मन हुकूमशहाचे रूप घेते. शेवटी त्याच्याच मनात एक न्यायालय भरते आणि भिंत पाडण्याची शिक्षा त्यास मिळते.

जुलै १९७८ मध्ये वॉटर्स यांनी हा आराखडा सहकाऱ्यांपुढे ठेवला. त्या सुमारास गुंतवणुकीतील मोठ्या नुकसानीने वृंद आर्थिक अडचणीत आला होता, तेव्हा नवे काम हाती घेणे भागच होते. तबकडी, रंगप्रयोग व चित्रपट ही तिन्ही रूपे आरंभापासून डोळ्यांपुढे होती. बॉब एझ्रिन या कॅनडाच्या निर्मात्याने सगळ्या गाण्यांची कथेच्या क्रमाने मांडणी करून चाळीस पानांची संहिताच लिहिली. लंडन, दक्षिण फ्रान्स, न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रण होऊन ३० नोव्हेंबर १९७९ रोजी दोन तबकड्यांचा हा संच इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २६ पदे आहेत. अखेरच्या पदानंतर एक अर्धे वाक्य हळूच ऐकू येते आणि त्याचा उरलेला अर्धा पहिल्या पदाच्या आरंभी आहे. कथा संपते तेथेच पुन्हा सुरू होते. भिंत पडते, ती पुन्हा बांधली जाण्यासाठीच.

शाळेविषयीचे एक पद यात आहे. त्याकरिता लंडनच्या इझलिंग्टन ग्रीन या शाळेतील २३ मुलांचा समूहस्वर मुद्रित केला गेला. कारखान्यातून माल काढावा तशी मुले काढणाऱ्या शिक्षणाविरुद्ध मुलांनीच गावे, ही योजना अचूक ठरली. १९७९ च्या नाताळात हे गाणे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर होते. शाळेला एक हजार पौंड मिळाले. मुलांच्या पदरात मात्र त्या वेळी फारसे काही पडले नाही, आणि २००४ साली, मुले प्रौढ झाल्यावर, त्यांच्या मानधनाचा प्रश्न निघाला. मुलांच्या हक्कांसाठी गाजलेल्या गाण्याच्या मागे मुलांचाच हिशेब राहून जावा, ही गोष्टही आपण ध्यानात ठेवावयास हवी.

आता रंगप्रयोग. ७ फेब्रुवारी १९८० रोजी लॉस एंजेलिस येथे त्याचा आरंभ झाला. मार्क फिशर व जोनाथन पार्क यांनी भिंतीची रचना केली होती, तर जेराल्ड स्कार्फ या व्यंगचित्रकाराने चलच्चित्रे आणि हवा भरून फुगवलेल्या शिक्षक, आई व पत्नी यांच्या प्रचंड बाहुल्या आरेखल्या होत्या. भिंत सुमारे ४० फूट उंच आणि १६० फूट रुंद. विटा पुठ्ठ्याच्या, घडी घालून गाडीत भरता येतील अशा. पदे चालू असता कामगार एकेक वीट रचीत आणि मध्यंतरापूर्वी अखेरची फट बुजे. या कामास रोज नेमका तितकाच वेळ लागेल असे थोडेच आहे? म्हणून मध्यंतरापूर्वी एक वाद्यसंगीताचा तुकडा मुद्दाम घातला होता. विटा रचून होईपर्यंत तो वाजवीत राहावयाचे. थोर संगीतकारांनी राजांच्या मर्जीनुसार रचना लांबवल्याची उदाहरणे आहेत. येथे गवंड्यांच्या सोयीनुसार ती लांबे. संगीत आणि दृश्य यांचा असा प्रत्यक्ष, कष्टाचा संबंध क्वचितच पाहावयास मिळतो.

मध्यंतरानंतर पडदा उघडावा तर समोर कोरी पांढरी भिंत! वृंद तिच्यामागे वाजवीत आहे, आणि ज्यांना पाहावयास हजारो लोक आले ते कोणासच दिसत नाहीत. मग भिंतीत एक खोली उघडते व तीत वॉटर्स एकटे बसलेले दिसतात. पुढे भिंतीच्या माथ्यावर डेव्हिड गिल्मर उभे राहून गिटार वाजवतात. त्या प्रसंगाचे वर्णन पाहणाऱ्यांनी पुढे वर्षानुवर्षे केले आहे. शेवटी भिंतीवरच न्यायालयाची चित्रे उमटतात, विटा गडगडत खाली येतात आणि त्या ढिगाऱ्यापुढे मंडळी साधी वाद्ये घेऊन येतात. वॉटर्स यांच्या हाती क्लॅरिनेट, गिल्मर यांच्याकडे मँडोलिन. दीड-दोन तासांच्या गर्जनेनंतर हा शेवट एखाद्या दारावरच्या गाण्यासारखा साधा आहे.

इतका अवजड संसार गावोगाव नेणे शक्य नव्हते. लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळील नासाऊ, लंडन आणि जर्मनीतील डॉर्टमुंड अशा चारच ठिकाणी, १९८० व १९८१ मिळून, अवघे ३१ प्रयोग झाले. प्रेक्षागृहे भरली, तरी खर्च भागला नाही. रिचर्ड राइट या जुन्या सहकाऱ्यास तबकडीच्या वेळीच वृंदातून दूर करण्यात आले होते. प्रयोगांत ते पगारी वादक म्हणून वाजवीत, त्यामुळे नुकसान बाकीच्या तिघांच्या वाट्यास आले आणि पैसा फक्त त्यांच्या हाती राहिला. भिंतींविषयी गाणाऱ्या मंडळींच्या आत भिंती वाढत होत्या. १९८२ साली ॲलन पार्कर यांचा चित्रपट आला आणि १९८५ साली वॉटर्स वृंदातून बाहेर पडले.

येथपर्यंतची कथा एका धनवान कलावंताच्या दुःखाची आहे असे कोणी म्हणेल, आणि तो आक्षेप अगदीच खोटा नाही. पण कलाकृतीचे भाग्य कर्त्याच्या हाती नसते. १९८० साली दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध विद्यार्थ्यांनी शाळांवर बहिष्कार टाकला. निकृष्ट शाळा, निकृष्ट पुस्तके आणि कातडीच्या रंगावर ठरणारे शिक्षण हे त्यांचे दुःख. लंडनच्या मुलांनी गायलेले गाणे त्यांनी आपले घोषवाक्य केले आणि मे महिन्यात सरकारने त्यावर बंदी घातली. माँट्रिऑलच्या मैदानावरील वैतागाशी केपटाउनच्या मुलांचा काय संबंध? काहीच नाही. वॉटर्स यांची भिंत त्यांनी घेतली नाही. त्यांच्यापुढे त्यांची स्वतःची भिंत होती, तिला नाव मिळाले एवढेच.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रयोगात नायक हुकूमशहा होतो तेव्हा त्याचे चिन्ह म्हणून दोन आडवेतिडवे हातोडे दाखवले आहेत. तो इशारा आहे. तथापि अमेरिकेतील एका वंशद्वेषी टोळीने तेच हातोडे आपले खरे चिन्ह म्हणून उचलले. २०२३ च्या मे महिन्यात बर्लिनमधील कार्यक्रमात वॉटर्स यांनी घातलेल्या त्याच हुकूमशहाच्या वेषावरून पोलिसांनी चौकशी सुरू केली. हा वेष जुलमाच्या निषेधार्थ आहे, असे वॉटर्स यांचे म्हणणे होते. श्रोता अर्थ पुरा करतो हे खरे, पण तो नेहमी शहाणाच असतो असे नाही. जमावाचे वेड दाखवणारे दृश्य जमावापुढेच करावयाचे आणि जमावाने टाळ्या वाजवावयाच्या, हा या प्रयोगातील धोका पहिल्या दिवसापासून होता.

बर्लिनचा उल्लेख आला, तेव्हा १९९० कडे वळू. बर्लिनची भिंत पडली तर हा प्रयोग पुन्हा करीन, असे वॉटर्स म्हणाले होते. ९ नोव्हेंबर १९८९ रोजी ती खुली झाली. २१ जुलै १९९० रोजी पॉट्सडामर प्लाट्झ येथे, दोन जर्मनींमधील ओसाड पट्ट्यात, प्रयोग झाला. आधी ती जमीन स्फोटकांसाठी तपासून घ्यावी लागली. भिंत या वेळी साडेपाचशे फूट लांब होती, दोन लाखांहून अधिक श्रोते होते, आणि सोव्हिएत सैन्याचा बँडही वाजवावयास आला होता.

हा कार्यक्रम आपत्तिनिवारणाच्या एका निधीसाठी होता आणि त्याचे संस्थापक होते लेनर्ड चेशायर. यांचे नाव मुंबईला अपरिचित नाही. अपंगांसाठी त्यांनी काढलेल्या निवासांपैकी एक मुंबईत आहे आणि १९५९ साली सू रायडर यांच्याशी त्यांचा विवाहही मुंबईतच झाला. दुसऱ्या महायुद्धात ते बॉम्बफेकी विमानांचे नामांकित अधिकारी होते आणि नागासाकीवरील अणुबॉम्बचा स्फोट त्यांनी विमानातून पाहिला होता. शतकातील युद्धांत मेलेल्या प्रत्येक माणसामागे पाच पौंड जमवावेत, हा त्यांचा संकल्प. त्या रात्री त्यांनी महायुद्धातील एक शिटी वाजवून प्रयोग सुरू केला. युद्धात बाप गमावलेला मुलगा आणि बॉम्ब टाकणारा वैमानिक असे दोघे एकाच व्यासपीठाशी आले, आणि जेथे खरी भिंत पडली होती तेथे खोटी भिंत पाडली गेली.

पुढे २०१० ते २०१३ या काळात वॉटर्स यांनी हा प्रयोग देशोदेशी २१९ वेळा केला. आता तो तोट्याचा राहिला नव्हता. या वेळी त्यांनी लोकांकडून युद्धांत व हिंसेत मेलेल्या त्यांच्या आप्तांची छायाचित्रे मागवली आणि ती भिंतीच्या विटांवर दाखवली. १९७७ साली ज्या श्रोत्याला दूर ठेवावयाचे होते त्याच्याच घरातील माणसे भिंतीवर आली. त्यानंतर १८ फेब्रुवारी २०१४ रोजी, वडिलांच्या मृत्यूला बरोबर सत्तर वर्षे झाली त्या दिवशी, अँझिओजवळील आप्रिलिया येथे वॉटर्स यांच्या हस्ते स्मारकाचे अनावरण झाले. पहिली वीट जेथे रचली गेली होती त्या जागी ते अखेर जाऊन उभे राहिले.

वक्ता उंचावर आणि श्रोते खाली, हे अंतर आपल्या या मंडपातही आहे. ते मोजण्याची पद्धत मात्र या पुठ्ठ्याच्या भिंतीने शिकवली आहे. समोरचा माणूस जमाव वाटू लागला की पहिली वीट बसली असे समजावे. आणि त्याच्या घरातील गेलेल्या माणसाचे नाव विचारावेसे वाटले की एक वीट निघाली असे समजावे.